हाकेला ओ

१

आमच्या वर्गात कॉम्प्युटर पाच आहेत, पण व्हिडिओ एडिट होतो तो एकावरच. बाकीचे चार नुसते चालू होतात. त्या एकाला पोरं 'आजोबा' म्हणतात, कारण त्याला काहीही करायला सांगितलं की तो आधी खोकतो, मग बराच विचार करतो आणि कधीकधी काय सांगितलं होतं तेच विसरतो. कॅमेरा एक, त्याचं कार्ड एक. कॉलरला लावायचा माइकही एकच. त्याची क्लिप तुटली म्हणून आम्ही तो केसांच्या चापानं लावतो. हेडफोनचा डावा कान गेलेला आहे. खिडक्यांना काळा कागद चिकटवलाय, कारण पडदे येणार आहेत असं मी गेल्या वर्षीपासून ऐकतेय.

एवढ्या सामग्रीवर मी अकरावी-बारावीच्या पोरापोरींना फिल्म करायला शिकवते. एकेका गटाला कॅमेरा एक दिवस मिळतो. शूटिंग झालं की सगळं आजोबाच्या पोटात घालायचं, कार्ड पुसायचं आणि पुढच्या गटाच्या हातात द्यायचं.

यापूर्वी मी बातम्यांच्या वाहिनीत एडिटर होते. तिथं मी बरीच वर्षं रडणारी माणसं कापली. रडणाऱ्याला किती वेळ द्यायचा आणि नेमकं कुठं तोडायचं हे हाताला कळायला लागलं आणि त्याच सुमाराला मला आतून काही वाटायचं बंद झालं. माझी बहीण म्हणते, "तुझ्यासमोर कुणी कोसळलं तर तू आधी मागं उजेड बरा आहे का बघशील." ती हे थट्टेनं म्हणते आणि मीही हसायच्या जागी हसते.

शिकवताना मी दोन गोष्टींवर अडून बसते. पहिली म्हणजे 'खोली घ्या'. पहिल्या दिवशी कुणीतरी हमखास विचारतं, "भाड्यानं का, बाई?" तर तसं नाही. शूटिंग संपलं की सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं आणि त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. एडिट करताना आवाजात भोकं पडतात, ती या शांततेनं बुजवायची. बुजवली नाहीत तर ऐकणाऱ्याचे कान एकदम दाबल्यासारखे होतात. दुसरी गोष्ट, समोरचं माणूस बोलत असताना मध्ये हूं नाही, हो नाही, ओ नाही. तुमचा आवाज त्याच्या आवाजावर चढला की दोन्ही वाया.

दोन्ही नियम बरोबरच आहेत. मी अजूनही तेच शिकवते.

२

बटण हे तिचं वर्गातलं नाव. अंगापिंडानं लहान, आणि आई घरी शिवणकाम करते म्हणून. तिच्या गटात ती एकटीच होती, कारण ती कुणाला 'येतेस का' विचारायला गेलीच नाही.

"विषय काय घेतलास?" मी विचारलं.

"आईच्या हाका."

"म्हणजे?"

"ती मला हाका मारते ना, त्या. उठवायची वेगळी असते, जेवायला बोलवायची वेगळी. चिडली की आणखी वेगळी. त्या सगळ्या घ्यायच्यात."

"छान. पण यात गोष्ट काय? बघणाऱ्यानं का बघायचं?"

तिनं हातातल्या कागदाची घडी घातली, परत उघडली. "तिच्या घशाचं ऑपरेशन आहे, बाई. स्वरयंत्रच काढणारेत. नंतर तिला हाक मारता नाही येणार."

मी म्हटलं, "मग शुक्रवारी कॅमेरा तुझा." मागून कुणीतरी कुरकुरलं की शुक्रवार त्यांचा होता, त्याला मी डोळ्यांनी गप्प केलं. बटण अजून उभीच होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता हे मला कळत होतं. मी तिला माइक, चाप आणि सेल दिले आणि सांगितलं, "मध्ये ओ द्यायची नाही हं. तिची हाक स्वच्छ आली पाहिजे."

"नाही देणार," ती म्हणाली.

३

शूटिंग तिनं चांगलं केलं होतं. पोरं सहसा कॅमेरा पाणी शिंपडल्यासारखा सगळीकडे फिरवतात. हिनं तो एका जागी ठेवला होता. खोलीत शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे गठ्ठे, स्वयंपाकघराकडे जाणारं दार. मशीनवर आई.

आई पहिल्याच शॉटमध्ये हसत म्हणते, "अगं, तू अशी समोर बसल्यावर हाक कशी मारू? हाक मारायला माणूस नजरेआड लागतं. जा तिकडं." मग बटण कॅमेरा चालू ठेवून निघून जाते आणि आई हाका मारायला लागते. आवाज जाडसर, जरा खरखरीत, पण भरलेला होता.

"सोन्या, ऊठ! ऊन डोक्यावर आलं."

"कार्टे, कात्री कुठं ठेवलीस माझी?"

"बये, पान वाढलंय. निवून चाललंय सगळं."

"राणीसरकार, दार कोण लावणार?"

अशा बऱ्याच. प्रत्येक हाकेनंतर ती हनुवटी किंचित वर करून दाराकडे बघत थांबायची. ओ यायची नाही. मग स्वतःशीच हसून ती मान हलवायची आणि पुढची हाक मारायची. मशीनची सुई तशीच वर राहायची. शेवटी शेवटी तिचं हसणं कमी झालं होतं, पण थांबणं तेवढंच होतं.

"ही तुला नावानं हाक मारतच नाही का कधी?" मी विचारलं.

बटणनं विचार केला. "नाही. नाव शाळेत घालायचं म्हणून ठेवलं असं म्हणते."

मी फाइल पुढं-मागं करून पाहिली. "खोली घेतलीस ना?"

तिनं जीभ चावली.

"अगं! कार्ड पुसून गेलं पुढच्या गटाकडे. आता माझ्या फोननं घेऊन ये, नाहीतर तुझ्या. आई मशीनवर बसलेली असताना घे, म्हणजे तशीच लागेल."

पुढच्या आठवड्यात ती फाइल घेऊन आली. तिनं फाइलला 'खोली' असं नाव दिलं होतं. मी विचारलं, कधी घेतलीस. तर म्हणाली, "आईला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा. बाबा म्हणाले, घरी जाऊन तिचे कपडे घेऊन ये. घरी कुणीच नव्हतं, म्हटलं घेऊन टाकू."

"रिकाम्या घराची खोली वेगळी लागते," मी म्हटलं. "माणसं असतात तेव्हाची घ्यायची."

"मग चालणार नाही?"

तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी म्हटलं, "चालवून घेऊ."

४

दोन हाकांच्या मधली भोकं आम्ही त्या शांततेनं बुजवली. काम कंटाळवाणं. हाक कापायची, मागंपुढं मशीनची खडखड आली असेल ती काढायची आणि खाली 'खोली' अंथरायची. आजोबा खोकत होता. मी हेडफोन लावला होता, बटणनं तिचा इअरफोन तारेच्या दुसऱ्या फाट्यात घातला होता. बाहेर मैदानावर पी.टी.च्या शिट्ट्या चालल्या होत्या.

पहिली हाक लावली. 'सोन्या, ऊठ! ऊन डोक्यावर आलं.' मग आईची हनुवटी वर, मग शांतता. त्या शांततेत, बऱ्याच आतून, कुणीतरी म्हणालं, "ओ."

मी थांबवलं. बटणकडे बघितलं.

"दिलीस ना ओ? सांगितलं होतं तुला."

"मी नाही दिली, बाई."

परत लावलं. होती. लहानशी, आळसावलेली, पांघरुणातून दिल्यासारखी. त्यात घाबरण्यासारखं काहीही नव्हतं. रोज हाक मारून उठवली जाणारी पोर जशी देते तशीच ती ओ होती.

मूळ शूटिंग एकटं ऐकलं. हाकेनंतर काही नाही. 'खोली' एकटी ऐकली. फ्रिजची घरघर, लांबून जाणारी गाडी, बाकी काही नाही. आवाजाची रेघ सपाट. दोन्ही एकावर एक ठेवले की ओ यायची.

मी अशा गोष्टींनी हलणारी नाही. कानाला जे ऐकायची सवय असते ते तो भरून काढतो. हाकेनंतर ओ यायचीच असते, म्हणून ऐकू आली. हेडफोनचा एक कान गेलेला, आजोबा जुनाट, दोन आवाज एकमेकांत मिसळून तिसरं काहीतरी तयार होत असेल. मी बटणला हे सगळं समजावून सांगितलं आणि ते सांगताना मला माझंच पटलं.

"पण मला पण ऐकू आलं," बटण म्हणाली.

"कारण तू पण वाटच बघत होतीस," मी म्हटलं. आम्ही पुढच्या हाका लावत गेलो. 'कार्टे, कात्री कुठं ठेवलीस.' ओ. 'बये, पान वाढलंय.' ओ, जरा लवकर. शिट्ट्या बंद झाल्या, शाळा सुटली, आम्ही आजोबाला बंद करून घरी गेलो.

५

पुढच्या वेळी पहिली हाक नव्हती.

चित्र होतं. आई मशीनवर बसलेली, तोंड उघडतं, ओठ 'सोन्या' म्हणतात, मान मागं जाते. आवाज नाही. खालची शांतता मात्र व्यवस्थित वाजत होती. बाहेरून जाणारी गाडीसुद्धा होती. हाकच तेवढी नव्हती, कुणी अलगद काढून घेतल्यासारखी.

"तू काही कापलंस?" मी विचारलं.

"मी हातच लावला नाही."

मूळ फाइल उघडली. तिच्यातही नव्हती. दुसरी, कात्रीची हाकही गेली होती. जेवायची गेली होती. ज्यांच्या खाली आम्ही खोली घातली होती आणि ज्या लावून ऐकल्या होत्या, त्या सगळ्या गेल्या होत्या. खोली न घातलेल्या दोनच राहिल्या होत्या, त्यांच्या आवाजाची रेघ शाबूत दिसत होती.

डिस्क मरायला टेकली असणार, असं मी म्हटलं. डिस्क मरताना मधूनमधूनच मरते, सरळ रेषेत मरत नाही. मी उरलेलं सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं, शिवाय माझ्या घरच्या लॅपटॉपवर. घरी जाऊन एक हाक सहज म्हणून लावली, 'राणीसरकार, दार कोण लावणार?' लॅपटॉप चांगला आहे, हेडफोनचे दोन्ही कान चालू आहेत. हाकेखाली मी खोली घातलेली नव्हती. तरी ओ आली. या वेळी ती आतून नव्हती. ती दाराच्या जवळून होती आणि तिच्यानंतर दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

मी परत लावली. आईचे ओठ हलले. काही ऐकू आलं नाही.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि भांडी घासली. मला भीती वाटायला हवी होती. मी एवढाच विचार करत होते की पेन ड्राइव्हवरची प्रत तपासायला हवी, आणि तपासायची तर ती लावावी लागेल.

६

बटणला मी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"हाकेला ओ मिळाली की हाक संपतेच ना, बाई," ती म्हणाली. "कुणी येईपर्यंतच मारायची असते ती."

"हे रेकॉर्डिंग आहे. ते संपत नसतं."

"मी ओ दिली नाही ना. म्हणून त्या तशाच उघड्या राहिल्या. आणि आई नाव पण घेत नाही. सोन्या काय, कुणीही असू शकतं."

हे ती अगदी सरळ बोलली. काळ्या कागदाच्या फटीतून उन्हाची रेघ टेबलावर पडली होती, तिच्यात धूळ तरंगत होती. शेजारच्या वर्गात कुणीतरी पाढे म्हणवून घेत होतं.

"किती राहिल्यात?" तिनं विचारलं.

"एक."

ती सगळ्यात शेवटची होती. आई मशीन झाकून उठते, बाहेरच्या दारात येऊन उभी राहते आणि बाहेर बघून हाक मारते. आम्ही ती एकदाच ऐकली होती, शूटिंग पहिल्यांदा बघितलं तेव्हा, खोलीच्या आधी. नंतर लावली नव्हती. मी 'खोली' ही फाइल पुसली, कचऱ्याच्या डब्यातूनही पुसली. फिल्ममधली सगळी भोकं तशीच राहिली. हात लावायचा नाही, ऐकायची नाही, एकदम पालकांना फिल्म दाखवायच्या कार्यक्रमाच्या दिवशीच लावायची, असं ठरवलं.

"लावलीच नाही तर?" मी म्हटलं. "ठेवून देऊ तशीच. हाक राहील."

"न ऐकलेली हाक ठेवून काय करू?" बटणचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझ्याकडे आईचा दुसरा आवाज नाहीये, बाई. फोनवर आहेत ते नुसते 'येताना दोरा आण' असले निरोप. ही एकच हाक राहिलीय मला मारलेली. मी तिथं असेन. या वेळी मी ओ देणार, त्या दुसरीच्या आधी."

मी हो म्हटलं.

७

कार्यक्रम दुपारचा होता. पालक कमीच आले होते. बटणची आई सगळ्यात आधी आली, गळ्याला मऊ रुमाल गुंडाळलेला, हातात फोन. ती फोनवर लिहायची आणि समोर धरायची.

'आमच्या कार्टीनं काय केलंय बघायला आले,' तिनं लिहून दाखवलं.

"चांगलं केलंय," मी म्हटलं. "पण आवाजाचा जरा घोळ झालाय. कॉम्प्युटर जुना आहे."

तिनं हात हलवला, चालायचंच अशा अर्थानं. मग परत लिहायला लागली. लिहिताना हसत होती.

'त्या दिवशी घसा फोडून हाका मारल्या. एकदाही ओ दिली नाही हिनं. म्हणाली बाईंनी सांगितलंय.'

"हो, मीच सांगितलं होतं."

'पण आता फार गुणी झालीय. आता मला हाक मारता येत नाही. नुसती मनात म्हणते, आली नाही का अजून पोर. की लगेच आतल्या खोलीतून ओ येते.'

मी ते दोनदा वाचलं. बटण माझ्या शेजारीच उभी होती, तिनंही वाचलं.

आईनं तिच्या गालाला हात लावला आणि पुढच्या रांगेत जाऊन बसली.

"मी नाही देत ओ," बटण अगदी हळू म्हणाली. "मला कसं कळणार, बाई, आई मनात काय म्हणते ते?"

"तू सांगितलं नाहीस आईला?"

"काय सांगू? ती किती खूश होते."

तेवढ्यात मुख्याध्यापक आले, दिवे बंद झाले आणि कुणीतरी मागून शीळ घातली. कार्यक्रम थांबवायचा असता तर तेव्हाच थांबवायला हवा होता. मी यादीप्रमाणे फिल्म लावत गेले. एक पोरांच्या क्रिकेटवर होती, एक शाळेच्या मांजरावर. मांजरावरची सगळ्यांना आवडली.

८

बटणची फिल्म सुरू झाली. भिंतीवर आई तोंड उघडत होती आणि आवाज येत नव्हता. खाली खोलीही नव्हती, त्यामुळे स्पीकरमधून काहीच येत नव्हतं आणि वर्गातल्या सगळ्यांना ते कानांत जाणवत होतं. पोरं आधी खुसखुसली, मग गप्प झाली. एक पालक शेजारणीला म्हणाल्या, "मुद्दामच केलंय बहुतेक. आवाज गेला ना त्यांचा." पहिल्या रांगेत बटणची आई ताठ बसून स्वतःकडे बघत होती. प्रत्येक हाकेला तिचे ओठ बरोबर हलत होते.

बटण प्रोजेक्टरपाशी उभी होती. तिच्या हाताच्या मुठी वळलेल्या होत्या. मी आजोबाच्या शेजारी होते आणि माझं लक्ष मागच्या दाराकडे होतं. ते दार ओढून घेतलेलं होतं, कडी लावलेली नव्हती.

भिंतीवर आईनं मशीन झाकलं. उठली. दारात आली.

"सोन्या," आवाज आला, जाडसर, भरलेला. सगळा वर्ग दचकला. "चल घरी. पुरे झालं आता."

"ओ!" बटण ओरडली. तिनं क्षणही घालवला नव्हता. ओरडताना ती टाचा उचलून उभी राहिली होती.

आणि त्याच वेळी, अगदी तिच्याबरोबरच, मागच्या दारातून दुसरी ओ आली. ती ओरडलेली नव्हती. तिला काही घाई नव्हती. आई कुठं बसलीय हे माहीत असलेल्या पोरीची ती ओ होती.

आईनं मान वळवली. ती आधी प्रोजेक्टरकडे वळेल असं मला वाटलं, कारण बटण जवळ होती आणि तिचा आवाज मोठा होता. आई मागं वळली. तिचा चेहरा उजळला, आईचा आपल्या पोरीकडे बघून जसा उजळतो तसाच, आणि तिनं लटक्या रागानं बोट नाचवलं. मग पिशवी उचलली, खुर्च्यांच्या मधून वाट काढत दाराशी गेली. जाता जाता ती बटणच्या इतक्या जवळून गेली की तिचा रुमाल बटणच्या हाताला लागला.

दार उघडलं तेव्हा बाहेरचा उजेड आत आला. आईनं हात पुढं केला आणि कुणाच्या तरी खांद्यावर ठेवला. बटणच्या खांद्याच्या उंचीवर. मला एक कोपर दिसलं, बारीकसं, आणि नव्या कापडाची बाही, टीप अगदी सरळ घातलेली. मग दार मिटलं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. फिल्म संपली होती.

मी व्हरांड्यात धावले. खालच्या मैदानातून आई फाटकाकडे चालली होती. तिची मान एका बाजूला झुकलेली होती आणि हात काहीतरी सांगत होते, एकेक बोट मोडून, घरी गेल्यावर काय काय करायचं ते सांगावं तसे. ती ज्या बाजूला बोलत होती तिकडे सायकलींची रांग होती, त्यामुळे मला पलीकडचं दिसलं नाही. खरं सांगायचं तर मी कठड्यावरून वाकले असते तर दिसलं असतं. मला भीती वाटली. कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा.

मी परत आले तेव्हा वर्ग रिकामा होत आला होता. मुख्याध्यापक जाताना म्हणाले, "शेवट चांगला होता हं." बटण आजोबासमोर बसली होती.

"परत लावा ना ती," ती म्हणाली.

मी लावली. आई दारात येऊन उभी राहिली, तोंड उघडलं, ओठ हलले, हनुवटी वर झाली. आम्ही दोघी तिचं थांबणं बघत राहिलो. ती कुणाचीतरी वाट बघत होती आणि मग तिच्या चेहऱ्यावरून दिसलं की ते माणूस आलं.

"मी वेळेवर दिली होती ना, बाई?"

"वेळेवर दिलीस."

"मग?"

मी आजोबा बंद केला. पंखा बंद केला. खुर्च्या सरकवल्या. सगळं आवरून झालं तरी ती उठली नाही, तेव्हा मी या वेळी तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा बारीक होता.

"चल," मी म्हटलं, "मी सोडते तुला घरी."

"नको," बटण म्हणाली. "घरी ती पोचली असेल आता."

मी तिच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले.